दोन खण

मिंडेलोत सकाळी गॅरेजचं शटर वर केलं
की समुद्र दिसायच्या आधी त्याचं मीठ आत येतं.
स्क्रू, जॅक, बिजागऱ्या,
इथे वर्षभरात सगळ्यांना हळद लागते.

सोळा खणांची पेटी पाठीवर निजवते,
तोंड छताकडे, झाकणं भिंतीला टेकून.
अशी ठेवली की यंत्रं आपसूक बसतात जागेवर,
स्क्रू तिरके जात नाहीत.
हे टोईमामांनी शिकवलेलं,
शिव्यांसकट.

जड ते तळाला.
त्याच्यावर विजेची पट्टी, मग इक्वलायझर,
मधे एक खण नुसत्या हवेचा,
सगळ्यात वर वायरलेसचे चार रिसिव्हर.
त्यांना आभाळ लागतं, मामा म्हणायचे,
जशी काही खुराड्यातली पिल्लंच.

पण काम खरं मागच्या बाजूला.
पुढून काय, सगळ्यांच्याच पेट्या देखण्या;
माणूस ओळखावा त्याच्या वायरींवरून.
वीज डाव्या अंगाने, आवाज उजव्या,
आणि समोरासमोर यायची वेळ आलीच
तर काटकोनात ओलांडून जायचं
भाऊबंदकीतल्या माणसांसारखं.
नाहीतर कुरकुर सुरू होते,
ती मग रात्रभर.

अदेरितु वेलक्रो कापतोय.
कापता कापता मान वर न करता विचारतो,
‘म्हाताऱ्याचं काय करायचं?’

म्हातारा म्हणजे मामांचा ॲम्प्लिफायर.
एकवीस किलो, तीन खण अडवून बसलेला,
डावा चॅनेल लहरीवर,
पाठीवर मामांच्या अक्षरातली चिकटपट्टी:
हात लावाल तर याद राखा.

मामा आता रॉटरडॅमला, कुठल्याशा गोदामात.
फोनवर सांगतात, थंडीत इथे वायरी काठीसारख्या होतात.
पेटीचं विचारत नाहीत.
मीही बोललेले नाही
की नवा आलाय, चार किलोंचा,
एका खणात मावणारा.

चार स्क्रू. तीन सुटले.
चौथा मिठाने धरून ठेवला होता.
थेंबभर तेल. वाट बघणं. पुन्हा तेल.
मग अदेरितुने हाणलेली एक शिवी, मामांच्याच चालीतली,
आणि तो फिरला.

खाली सापडलं:
गिटारचं एक पिक, बाटलीचं बूच,
कुठल्या तरी लग्नातले तांदूळ, तीन दाणे.
पिक अदेरितुने खिशात टाकलं.
दाणे तसेच राहू दिले.

नवा बसला. दोन खण उरले.
‘खण बसवू,’ अदेरितु म्हणाला, ‘बॅटऱ्या ठेवायला, कॉफी ठेवायला.’
‘ओढायचा खण म्हणतोयस तू.’
‘खणच ना.’
मी कोरी काळी पट्टी लावून टाकली.

दुपारची बोट. धक्क्यावर दोघांनी पेटीला हात घातला,
एक, दोन, आणि
नऊ वर्षांच्या सवयीने जोर लावला.
पेटी टुणकन वर आली,
मी दोन पावलं मागे, एका खलाशावर.
‘बाई, रिकामी नेताय की काय?’

संध्याकाळी सांतु आंतांवला, शाळेच्या पटांगणात,
सगळं जोडलं, दिवे हिरवे झाले.
कवाकिन्यूवाला तारा पिळत होता.
न्हा इर्मेलिंदा माइकसमोर उभी,
वय सत्तरच्या पुढे, डोळे मिटलेले,
गाणं मात्र सुरू करेना.
‘यंत्र चालू केलंस ना पोरी?’
चालू आहे, मी म्हटलं.
‘मग ते कुठे गेलं?’

मला कळायला वेळ लागला.
मामा नऊ वर्षं ज्या घरघरीशी भांडले,
वायरी उपसून, जमिनीत सळया ठोकून,
रात्री झोपेतसुद्धा,
त्या घरघरीवरून ही बाई सूर घेत होती.

आता स्पीकरमधून काहीच येत नव्हतं.
इतकं स्वच्छ काहीच नाही
की मागच्या डोंगरातलं गाढव ऐकू आलं.

मी कंट्रोल टेबल सोडून पुढे गेले,
माइकशी वाकले,
तोंड मिटून, छातीतून,
म्हाताऱ्यासारखी घुमले.

तिने डोळे न उघडता मान हलवली.
‘किंचित खाली.’

मी किंचित खाली आले.