पेक्षा

दांडिया बाजारात, होमिओपॅथीच्या दवाखान्यावर माझा क्लास.
जिन्यात स्पिरिटचा वास, वर अकरा खुर्च्या,
लेखी इंग्रजीच्या परीक्षेला बसणारी अकरा जणं.
सगळ्यांना कुठेतरी जायचंय,
कॅनडाला, नाहीतर निदान आणंदला.

मी सांगते, विशेषणाला पायऱ्या असतात.
उच्च, उच्चतर, चढत जा.
नामाला जिना नाही.
खुर्ची म्हणजे खुर्ची, खुर्चीतर असं काही नसतं.
मग इंग्रज दोन नामं तराजूत टाकतो
आणि लिहितो: मोअर ऑफ अ मगर दॅन अ ओंडका.
आपण उलटं तोलतो. ओंडका कमी, मगर जास्त.
त्यांचं आधी भरलेलं पारडं,
आपलं आधी रिकामं.

हेतांशी विचारते, अमारामां ‘करतां’, ए ज ने?
तेच गं, तेच. करतां, पेक्षा, हून, दॅन.
मागच्या खुर्चीवरून प्रतापराव फाळके, वय एकसष्ट,
नातवाबरोबर बसतात, फी एकाचीच देतात,
म्हणतात, बाई, आमच्याकडे हे आधीपासून आहे,
दगडापेक्षा वीट मऊ,
नाकापेक्षा मोती जड,
आणि आमचे आजोबा, राजाहून राजनिष्ठ,
संस्थान गेलं तरी सकाळी पगडी बांधून बसायचे.
कुणी हसत नाही. मग सगळेच हसतात.

निबंध आले गुरुवारी. विषय: माझ्या शहरातली नदी.
दहा जणांनी लिहिलं, नदी कमी, गटार जास्त.
(वाक्य बरोबर. आर्टिकल चुकलेलं.)
अकरावी अवनी शिर्के.
तिनं लिहिलं होतं, इंग्रजीत, शाईच्या पेनानं:
माझ्या आईचं विश्वामित्रीवर प्रेम होतं, मोअर दॅन माय फादर.

मी लाल पेन उचललं.
वाक्य अपुरं. कुणापेक्षा, कशापेक्षा?
वडिलांचं नदीवर होतं, त्याहून जास्त?
की आईचं वडिलांवर होतं, त्याहून?
बोलताना चालून जातं,
आवाज चढतो, भुवई सांगते, कुणीतरी खाकरतं.
कागदाला भुवई नसते.
शेवटी एक छोटं ‘डिड’ लावायचं,
म्हणजे वडील कर्ता होतात.
नाही लावलं तर ते नदीशेजारी
नुसतेच पडून राहतात, मोजायला.

क्लास सुटल्यावर तिला थांबवलं.
म्हटलं, एक अर्थ निवड.
ती बॅगेची चेन उघडमीट करत राहिली.
मग म्हणाली, आई मगरी पकडायला जायची, मॅडम.
पूर आला, कुणाच्या पार्किंगमध्ये मगर शिरली,
की रात्री दोनला फोन.
दोर, गोणपाट, जुन्या सायकलीची ट्यूब, आणि आई गायब.
बाबा स्कूटर काढायचे, तिला पुलापर्यंत सोडायचे,
आणि पुलावरच उभे राहायचे, पाण्याकडे पाठ करून.
त्यांना पाण्याची शिसारी होती.
म्हणजे पहिला अर्थ खरा.
आणि दुसरा,
दुसराही खराच, घरात सगळ्यांना माहीत होता,
बाबांना सगळ्यात आधी.
आता दोन्ही आहेत, तर कुठलं लिहू?

खाली डॉक्टरांनी शटर अर्धं ओढलं.
मी तेवीस वर्षं शिकवतेय की लेखी इंग्रजीत
एका वाक्याला एकच अर्थ हवा,
परीक्षक पाटी बघतो, पाणी बघत नाही.
तिला तसंच सांगितलं.
तिनं मान हलवली, ‘डिड’ लिहिलं,
जरा वेळानं खोडलं,
आणि खाली, समासात, मराठीत,
बारीक अक्षरात काहीतरी जोडलं.

घरी येऊन चष्मा लावून वाचलं:
बाबांना आई हवी होती. पेक्षा नाही.

गुण अजून दिलेले नाहीत.