उजवीकडून चार बोटं

पापाच्या तिकटीला माझं दुकान, आठ बाय दहा.
देव, पैलवान, वारलेले मामा,
सगळ्यांना मी काच घालतो.
परवा इंगवले वकिलांनी एक विलायती कागद आणला,
जुन्या बाजारात रद्दीच्या भावात मिळालेला.
दोनशे वर्षांचा असेल म्हणाले. कडा चहात बुडवल्यासारख्या.

चित्रात लंडनची गल्ली. चिखल.
एक पोरगी घागरा उचलून डबकं ओलांडतेय,
घोट्यापर्यंत, जास्त नाही.
आणि तेवढ्यासाठी एक लॉर्ड, पोट हंड्याएवढं,
खिडकीतून दुर्बीण रोखून बसलाय, केसांचा टोप घसरलाय.
मागं त्याची बायको पंख्याआडून
कोवळ्या शिपायाच्या कोटाची बटणं मोजतेय.
पाद्री आभाळाकडं बघतोय म्हणावं,
तर बुबुळं खाली.
कुत्रं तेवढं हाडाकडं बघतंय, प्रामाणिकपणे.

मला हसू फुटलं.
ह्यांनीच आमच्या आज्याला
चारचौघांत कसं वागावं ते शिकवलं म्हणे.

संध्याकाळी वकिलांचा फोन:
"दस्तगीर, घरात नको म्हणतात. पोरगी झाक.
उजवीकडून चार बोटं माउंट वाढव."
वाढवला.
आता लॉर्ड दुर्बीण लावून
पुठ्ठ्याकडं बघतोय, पांढऱ्याफेक पुठ्ठ्याकडं,
जीव तोडून.

समोरची शालन, फॉल-पिकोवाली,
सुट्टे मागायला आली, चित्रापुढं थबकली.
"हा कशाकडं बघतोय ओ?"
"पुठ्ठ्याकडं."
"किती वर्षं?"

मी काच पुसत होतो. काचेत माझा चष्मा,
चष्म्याच्या वरून बघायची माझी खोड,
आणि रस्त्यापलीकडं तिचं मशीन.
बारा वर्षं झाली त्या मशीनला.

शंभराची नोट तिनं पुठ्ठ्यावर ठेवली.
"आत पंखा असताना
मी मशीन दारात का मांडलंय,
कधी इचारलासा?"

सुट्टे मोजताना दोनदा चुकलो.

रात्री शटर ओढताना ध्यानात आलं,
दहा रुपये जास्त गेले तिच्याकडं.
मागायला जावं लागणार.
मधे नळाची पाइप फुटून पाणी साचलंय,
लेंगा जरा
उचलून धरावा लागणार.