जितं कातडं

रात्री दोनला आमच्या घरात खरखर सुरू होते.
आधी मागचा पाय, मग कान,
मग दातांनी पंजा कुरतडणं,
ओला, चिकट आवाज,
भिजल्या वादीवर कुणी बोथट रापी घासावी तसा.

सुंठ्या. रंग सुंठेचा,
अंगही आता तसंच वाळत चाललेलं.
पोटाखाली लाल चट्टे, काखेतले केस गेलेले,
आणि मी दिवा लावला की डोळ्यांत लाज,
जणू खाजवणं म्हणजे चोरीच.

सुभाषनगरात औषधं फुकट मिळतात.
समोरचा इलाही म्हणाला, "वैनी, जळकं ऑइल लावा,
उद्यमनगरातनं डबा आणून देतो,
दोन दिसांत खडखडीत."
शालन आत्या म्हणाली, गंधक.
कोपऱ्यावरची पोरं फोनमध्ये बघून म्हणाली, लिंबू पिळा.
लिंबू मी आधी माझ्याच बोटावर पिळलं,
काल आरी घुसली होती तिथं.
मग त्याच्यावर नाही पिळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी
केस मागे सारले, कातडी ताणली, वास घेतला.
मीही असंच करते, माल घेताना.
"ऑइल इंजिनाला," त्या म्हणाल्या. "ह्याला कोमट पाणी."
बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या.
अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायचं.
आणि गहू बंद. चपाती नाही, टोस्ट नाही,
बिस्किट तर नाहीच.

खरं म्हणजे कातडं मला कळतं.
बावीस वर्षं चपलांच्या वेण्या घालतेय.
पाठीचं कुठलं, पोटाचं कुठलं,
बाभळीच्या सालीत किती दिवस मुरलं,
डोळे मिटून सांगेन.
पण ते सगळं गप्प झालेलं कातडं.
टोचलं तरी पाय ओढून घेत नाही.

पहिल्या दिवशी त्याला घंगाळात उभा केला,
केसांत बोटं घातली,
आणि बोटं सवयीनं तीन पदर शोधायला लागली.
हळू, म्हटलं बोटांना.
ह्याला कळतंय.

पंधरा दिवसांत चट्टे फिके झाले.
सोळाव्या दिवशी परत लाल.
मी फरशी पुसली, साबण बदलला,
रंगाचे डबे माळ्यावर टाकले, इलाहीवर उगीच डाफरले.
मग एका दुपारी, चहाच्या वेळी,
दारातनं बघितलं:

मामंजी.
चार वर्षं उजवा हात मांडीवर पडलेला,
बोलणंही त्याच बाजूला लुळं पडलेलं.
डावा हात खाटेखाली.
त्यात टोस्ट, अर्धा, चहात बुडवलेला.
आणि तोंडातून, लाळेसकट,
आम्हाला कुणालाच कधी न मिळालेले दोन शब्द:
"खा रं."

पुडा तेव्हा उचलवला नाही माझ्याच्यानं.
रात्रभर दोघांची खरखर ऐकत पडले,
एकाच्या कातडीची, एकाच्या छातीची.

सकाळी लाल भोपळा उकडला.
मीठ नाही, चटणी नाही;
असलं शिजवायला आमच्याकडे हात धजत नाही.
बशीत फोडी ठेवल्या त्यांच्या डाव्या हाताशी.
त्यांनी एक उचलली, चहाकडे नेली.
मी कप लांब सरकवला.
त्यांनी माझ्याकडे बघितलं
आणि शिवी दिली.
अख्खी. एक अक्षर न सांडलेली.
खाटेखाली शेपूट आपटलं.

काखेत आता बारीक लव आलीय.
पंजा अजून चाटतो, हवा कोंदट झाली की जास्त.
बाई म्हणतात, हे जायचं नाही, सांभाळायचं.
बशी रोज रिकामी होते.
कोण किती खातं, मी विचारत नाही.

दोनला मात्र अजून जाग येते.
खरखर नसते.
तरी अंधारात हात खाली जातो,
बेचक्या कोरड्या आहेत ना,
बघायला.