एकूण माणसं चार

बुगडूला कान नव्हते.
म्हणून त्याच्याशी जोरात बोलायचं,
असं मनवानं आम्हाला बजावून ठेवलेलं.
जोरात बोलायची सवय घराला होतीच.
शिरोलीच्या फौंड्रीत ग्राइंडिंगवर अकरा वर्षं काढलेल्या माणसाला
'जेवायला चला' तीनदा सांगावं लागतं.
तिसऱ्यांदा अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

तो सुतारमळ्यात कधी आला, नक्की आठवत नाही.
तिला पाचवं लागलं, त्या सुमाराला असेल.
एका रात्री मी दाराला कडी घालायला गेले, तर ओरडली,
"आई, थांब की! त्यो अजून पायताण काढायलाय."
थांबले.
पाय दिसत नाहीत त्याच्या पायताणासाठी
किती वेळ थांबायचं असतं?

त्याला साय चालायची, दूध नाही.
मांजराला भ्यायचा.
झोपायचा माझ्या शिलाई मशीनखाली,
म्हणून नऊनंतर पायडल मारायचं नाही.
लोकांचे ब्लाउज खोळंबायचे.
तिचा बाप म्हणायचा, "ते खुळं, आणि तू त्याहून खुळी."

मग त्रेचाळीस फूट ओलांडलं
आणि पंचगंगा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.
आम्ही उचललं ते:
गॅसची टाकी, मशीनचं डोकं, रेशनकार्ड,
परक्या बायकांच्या न शिवलेल्या पिसांचं गाठोडं.
बापानं तिला खांद्यावर घेतलं. पाणी मांडीला.
"दोन्ही हातांनी धर," म्हणाला.
तिनं एकाच हातानं धरलं.
दुसरा खाली सोडलेला, मूठ अर्धी मिटलेली.

शाळेत चौगुले बाई वहीत नावं घेत होत्या.
"किती माणसं?"
"तीन," मी.
"चार," मनवा.
बाईंनी मान वर केली नाही.
पहाटेपासून त्या लिहीतच होत्या.
"चौथ्याचं नाव?"
"बुगडू. जोरात बोला, त्याला कान न्हाईत."
त्यांनी लिहिलं:
बुगडू आनंदा खाडे, वय पाच.
शेऱ्याच्या रकान्यात, कर्णबधिर.
मी बघत होते. मला बोलता आलं असतं.

चार चटया मिळाल्या.
मसालेभाताचे चार द्रोण, दोन वेळा, सात दिवस.
चौथा आम्ही वाटून खाल्ला,
एकमेकांच्या तोंडाकडे न बघता.
पाचव्या रात्री, दिवे गेल्यावर,
रिकाम्या चटईकडे वळून आनंदा पुटपुटला,
"दोन घास जादा घेतो रं."
हळू आवाजात. त्याचा हळू आवाज
मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

घरी आलो तर खिडकीपर्यंत चिखलाची रेघ,
आणि वास, जो फिनेलनं जात नाही.
"बुगडू कुठाय गं?" विचारलं.
"ऱ्हायला की शाळेतच. तिथं त्याला लई पोरं गावली."
एवढं बोलून झोपली.
मी मशीनचं डोकं स्टँडवर बसवलं.
दहा वाजून गेलेले. खाली कुणी नव्हतं.
तरी पायडल मारलं नाही.
गंज चढला होता, हे एक कारण.

पंचनाम्याला तलाठी आले.
कागद चाळत, दबक्या आवाजात विचारलं,
"चौथं कोण? बहिरं लिवलंय हितं."
माझ्या घशाला कोरड. सरकारी कागद, खाली आमचीच सही.
आनंदा अंगणात, पाठमोरा, फावड्यानं गाळ ओढत होता.
त्याच्यापर्यंत हे पोचणं शक्यच नव्हतं.

"गावाला गेलाय," तो म्हणाला.
मग फावडं भिंतीला लावून,
"तीनच लिवा सायेब."

"गावाला न्हाई, शाळेत!"
मनवा आतून जीव खाऊन ओरडली.
ते मात्र त्याला ऐकू गेलं नाही.