पाचवं नाव

प्रिन्सिपल म्हणाले, पाच मुलं दाखवा,
तर कॅल्क्युलसचा वर्ग उघडू.
चार मिळाली.
पाचवं नाव मी डेंझिल फ्यूगेटचं घातलं, न विचारताच.
तो तेव्हा शाळेच्या बसखाली पाठीवर पडून
लोंबता सायलेन्सर तारेनं आवळत होता.
सांगितलं, तर तारेचा पीळ न सोडता म्हणाला,
"जेवणानंतर असेल तर येईन."

एकोणीस वर्षं केंटकीच्या या खोऱ्यात मी बीजगणित शिकवलं,
आणि कुणी नसेल तेव्हा मुलींचं व्हॉलीबॉल.
कॅल्क्युलस कॉलेजात एकदाच केलेलं, काठावर पास.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?
म्हणून रोज रात्री, भांडी झाली की,
आड खणायला बसायचे.
मुलांच्या एक धडा पुढे.
नोव्हेंबरात अर्धा.
फेब्रुवारीत टॅबिथा नेपियर उठून फळ्याशी आली,
"मॅडम, खडू देता?" म्हणाली,
आणि माझ्या अधिकाचं उणे करून जागेवर जाऊन बसली.
त्या रात्री मी आठ वाजता झोपले.

सीमा म्हणजे काय, हे सांगताना
पुस्तकातलं उदाहरण चालेना.
म्हटलं, तीन नंबरच्या खाणीच्या फाटकाकडे चालत निघा.
दर पावलाला, उरलंय त्याच्या निम्मं.
"म्हणजे पोचणारच नाही," रिची भावांपैकी एक.
"पोचून तरी काय," दुसरा, "कुलूप आहे फाटकाला."
मग बराच वेळ कुणी बोललं नाही,
आणि टॅबिथानं वहीत लिहिलं:
पोचत नाही, पण कुठं चाललोय ते नक्की असतं.
मी ते फळ्यावर उतरवून घेतलं.
पुस्तकात एवढं सरळ नव्हतं.

मार्चमध्ये डेंझिल दोन दिवस आला नाही.
तिसऱ्या दिवशी वहीत घडी घातलेला कागद घेऊन आला.
दवाखान्यातला.
बापानं नळीत फुंकलं होतं,
छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं, एका दमात,
आणि यंत्रानं त्याची रेघ काढली होती.
वर चढणारी, मग आडवी होणारी.
तिच्या बरीच वर ठिपक्यांची दुसरी रेघ:
त्याच उंचीच्या, त्याच वयाच्या,
कोळशाखाली न गेलेल्या माणसाची.

"नर्सनं आकडा सांगितला," तो म्हणाला.
"मला तो कुठं कमी पडतो ते बघायचं होतं."
पट्टी लावून त्यानं स्पर्शिका काढल्या होत्या,
पहिल्या सेकंदात चार, पुढे दोन,
प्रत्येकीचा चढ शेजारी, दोन दशांश स्थळांपर्यंत.
कुणी गृहपाठ दिला नव्हता.

एकक लिहिलं नव्हतं.
एकोणीस वर्षांची सवय, हात लाल पेनाकडे गेला
आणि तिथंच राहिला.
त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं,
पेन्सिल घेतली, आणि सहाही ठिकाणी लिहिलं
लिटर, भागिले सेकंद.
मग विचारलं, "ही रेघ वर ढकलता येते का?"
मी म्हटलं, नाही.
"मला वाटलंच," म्हणाला. "फक्त वाचता येते."

मे महिन्यात लायब्ररीत तीन तास परीक्षा.
बाहेर कुणीतरी गवत कापत होतं
आणि मला त्याला जाऊन थांबवता येत नव्हतं,
कारण पर्यवेक्षकानं मला दाराबाहेरच पडायला मनाई केली होती.
जुलैत निकाल.
टॅबिथाला पाचपैकी पाच. रिची भावांना तीन आणि तीन,
आणि त्यावरून दोघांचं भांडण.
मर्टल सायझमोरला चार; तिच्या आईनं मला कॉर्नब्रेड पाठवला.
डेंझिलला दोन.
दोनला कॉलेज काही देत नाही.

तो आता हायवेवर टायरच्या दुकानात आहे.
पुस्तक अजून परत आलेलं नाही.
लायब्ररीची चिठ्ठी दोनदा माझ्याकडे आली,
दोन्ही वेळा मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली.
सातवा धडा आमचा राहिला होता.
परवा चाक बदलायला गेले,
तर काउंटरवर ग्रीसचे ठसे पडलेलं ते उघडं होतं,
पान दोनशे एक्क्याऐंशी.
सातवाच.
मी काही बोलले नाही. त्यानं नट आवळले,
पावती दिली,
आणि पावतीच्या मागे एक गणित होतं, अर्धं सोडवलेलं,
खाली लिहिलं होतं: इथं अडलोय.