दुखण्याचा प्रकार

विमा कंपनीचं पत्र आलं. बाराव्या पानावर
माझं हृदय वगळलेलं.
गेल्या वर्षी डावा गुडघा गेला, त्याआधी डोळे.
उरलेल्या इशबेलचा हप्ता मात्र दुप्पट.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं:
'आधीपासून असलेले विकार.'
चौऱ्याहत्तरीत आधीपासून नसलेलं काय असतं?
आधीपासून डंडी होतं, तागाच्या गिरणीचा भोंगा होता,
आधीपासून अ‍ॅलिस्टर होता,
ज्यानं ऊन बघून ओल्यांवमधलं हे घर घेतलं
आणि चौथ्या उन्हाळ्यात गेला.

मुलगा फोनवर म्हणतो, परत ये, इकडे सगळं फुकट.
फुकट आहे, पण आधी सिद्ध करायचं
की मी तिथं राहते.
मी तर इथं राहते.

मग सरकारी दवाखाना.
पहाटे साडेसहाची रांग, हातात नंबर एकोणचाळीस.
पुढे मासळीबाजारातल्या बायका, मागे एक म्हातारा डच,
त्याच्याकडे तीन देशांची तीन कार्डं
आणि चालत एकही नाही.
म्हणाला, पिसतोय, बघू कुठला हुकूम निघतो.

भाषेचं म्हणाल तर
मला माशांची बावीस नावं येतात,
दुखण्याचं एकच.
म्हणून आदल्या रात्री समोरच्या इदालिनानं
माझ्या स्वयंपाकघरात शिकवणी घेतली.
सुई दाखवली: टोचतं.
ओलं फडकं पिळलं: पिळवटतं.
शेगडीवर हात धरला: जळजळतं.
मग टेबलावर बोट आपटत राहिली,
थांबून, पुन्हा, थांबून, पुन्हा:
ठणकतं.
मी विचारलं, आणि दगड ठेवल्यासारखं, पण हलका,
रात्री तीनलाच येणारा?
ती बराच वेळ गप्प.
तिचा नवरा बोटीसकट गेलेला.
म्हणाली, ते डॉक्टरला सांगू नकोस,
त्याचा वेळ जाईल.

फॉर्मवर रकाना: तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं.
मुलाचा नंबर लिहिला, विमानाने तीन तास लांबचा.
मग त्यावर रेघ ओढून इदालिनाचा.
नातं? खिडकीतली मुलगी पेन वाजवत थांबली.
समोरचं दार, मी म्हटलं.
तिनं लिहूनही घेतलं.

डॉक्टर अगदी पोरगेला. तियागो.
पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं,
सुईपासून शेगडीपर्यंत, हातवाऱ्यांसकट.
त्यानं नळी लावून ऐकलं. चिठ्ठी लिहिली:
हृदयाचा आलेख, पाच आठवड्यांनी.
म्हणजे कंपनीला नको असलेलं
निदान इथं कुणी कागदावर तरी घेतलं.

मग चक्क इंग्रजीत विचारलं,
तुम्ही डंडीच्या ना?
पुढच्या महिन्यात मी तिकडेच निघालोय. पगार बरा आहे.
थंडी फार असते का?

असते, म्हटलं. जाड कोट घ्या.
आणि ध्यानात ठेवा, आमच्याकडची म्हातारी माणसं
दुखतं असं म्हणत नाहीत.
'तसं काही वाईट नाही' म्हणाली
की खाट तयार ठेवा.

त्यानं ते वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
बाहेर फलकावर चाळीस लागला होता.
तो डच उठत होता, भिंतीला धरून,
तिन्ही पत्ते हातात.