झाड-झाडोऱ्यासह

लिहून देणार : मन्मथ वीरभद्र हालगे,
वय एकोणसाठ, धंदा दस्तलेखन,
राहणार उदगीर.
लिहून घेणार : तहसीलच्या आवारातला लिंब.
वय नोंदीत नाही. लावणाराचं नावही नाही.

कारणे लिहून देतो ऐसा जे,

तीस वर्षं तुझ्या बुडाशी बसून
मी लोकांची वावरं लिहिली.
कुणाची तीन एकर, कुणाचे वीस गुंठे,
पूर्वेस पांदण, पश्चिमेस भाऊबंद,
दक्षिणेस ओढा, उत्तरेस भांडण.
आणि दर खताच्या शेवटी, मान वर न करता,
‘झाड-झाडोरा, काष्ठ-पाषाण, निधी-निक्षेपासह’.
झाड म्हणजे माझ्यालेखी
एका दमात वाजणारी खटखट होती, बस.

गेल्या चैत्रात वाढवण्याची सोजरबाई आली.
सातबाऱ्यावरून नवऱ्याचं नाव कमी करायचं होतं.
मी विचारलं, मृत्यूचा दाखला आणलाय का?
बाई बोलेना. बाई वर बघत होती.
मग म्हणाली,
“काय फुललाय ओ लिंब!
तुमच्या कागदावर तर बगा.”

बघितलं.
कागदभर पांढरी चिल्लर सांडलेली,
मोहरीपेक्षा जराशी मोठी, मधासारख्या वासाची.
‘मयत’ या शब्दावर पाच-सहा फुलं.
फुंकून टाकायला तोंड जवळ नेलं
आणि फुंकायचं राहूनच गेलं.
कागद तसाच घडी घालून दिला तिला, फुलांसकट.
तलाठ्यानं पुढं काय केलं, विचारलं नाही.

तेव्हापासून मान वर होते.
माघात तू आठ-दहा दिवसांत सगळा रिकामा होतोस,
झाडणारा गौस तुला शिव्या घालतो,
आणि एका सकाळी तोच झाडू टेकून उभा राहतो,
कारण फांद्यांवर तांबूस पालवी आलेली असते,
बाळाच्या कानाच्या पाळीसारखी,
ऊन आरपार दाखवणारी.
माझा टाइपरायटर केव्हाच माळ्यावर गेला,
तुझ्यातला तांबट पक्षी मात्र अजून टंकतोय,
टुक टुक टुक टुक,
त्याचा मसुदा काही पुरा होत नाही.
खारीनं माझ्या बस्त्याचा दोरा पळवला.
नेऊ दे. तिचंही घरकुल मंजूर व्हायचं असंल.

आम्हाला पत्र्याचे गाळे बांधून दिले. सात नंबरचा माझा.
दोन दिवस बसलो.
दुपारी स्टेपलरला हात लावता येईना.
तिसऱ्या दिवशी खुर्ची उचलली आणि तुझ्याकडं आलो.
सात नंबरात आता माझी छत्री राहते.

खोड लागली म्हणा.
बँकेच्या पन्हाळीतून उगवलेला वीतभर पिंपळ,
पाण्याच्या टँकरच्या गळत्या तोटीखाली
हिरवं झालेलं हातभर गवत,
बघत बघत जातो. सायकल दोनदा घसरली.
घरी शिवलीला म्हणते, बरंच झालं,
तीस वर्षं गुंठ्यांशिवाय दुसरं काही बोलत नव्हतात.

आता चतुःसीमा.
पूर्वेस जैतुनबीची चहाची गाडी,
पश्चिमेस कुणाच्याही मोटारसायकली,
दक्षिणेस अभिलेख कक्ष, कुलूपबंद.
उत्तरेस मी.
वरच्या बाजूची सीमा लिहायला गेलो
तर नमुन्यात रकाना सापडला नाही.

मोबदला :
सावली रोजच्या रोज, रोख.
वारं असेल तसं.
दात घासायला काड्या, पुस्तकांत ठेवायला पाला,
जेठात लिंबोळ्या, डोक्यावर टपटप, न मागता.
भरून पावलो. तक्रार नाही.
माझ्याकडून तुला काय पोहोचलं
ते आठवून लिहिणार होतो.
उन्हाळ्यात दोन-चार तांब्ये पाणी, तेही उरलेलं.
एवढंच आठवतंय.

साक्षीदार : जैतुनबी, अंगठा.
दुसरा तांबट. तो सही करत नाही.

खाडाखोड नाही.
शेवटच्या ओळीवर एक फूल पडलं आहे,
ते मजकुरात धरावं.